काय खावे, हा प्रश्न आणि न दाखविलेली गाठ

गेल्या महिन्यात रोह्याच्या दवाखान्यात एक तरुण मुलगी आली. लग्नाला दोन वर्षे झालेली. बसल्या बसल्या तिने विचारले, "डॉक्टर, छातीचा कॅन्सर होऊ नये म्हणून काय खावं?" प्रश्न साधाच, हल्ली आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतेच. पण मी क्षणभर गप्प झालो. २००९ साली याच दवाखान्यात, याच खुर्चीवर बसून, तिच्या आईने मला हाच प्रश्न विचारला होता.

त्या बाईंचे वय तेव्हा चाळिशीच्या आतले. शेजारच्या कोणाला तरी हा आजार झाला होता, म्हणून विचारते, असे त्या म्हणाल्या. बाहेर गर्दी होती. मी आपला डॉक्टरी थाटात दहा मिनिटे बोललो. हिरव्या भाज्या खा, तेल कमी करा, चालायला जा. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या. आठ महिन्यांनी त्या नवऱ्याला बरोबर घेऊन आल्या, तेव्हा गाठ लिंबाहून मोठी होती आणि काखेतही गाठी लागत होत्या. "पहिल्यांदा कधी कळलं?" असे मी विचारले. त्या खाली बघत म्हणाल्या, "मागं आले होते ना, तेव्हाही होती. लहान होती." पुढे परळच्या फेऱ्या, शस्त्रक्रिया, केमोथेरपी सगळे झाले. २०१२ च्या पावसाळ्यात त्या गेल्या.

मुलीच्या परवानगीने हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. चूक मात्र माझीच होती, ती बदललेली नाही. बाई खाण्याबद्दल विचारीत होत्या, सांगायचे होते गाठीबद्दल. पुरुष डॉक्टरला तसे कसे सांगणार? आणि मीही विचारले नाही. तपासायला दवाखान्यात बाईमाणूस नव्हते, ही माझी सबब.

तरीही खाण्यापिण्याचा प्रश्न फुकट नाही, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

आपल्या देशात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज स्तनांचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करुग्णांची नोंद ठेवली जाते. तिथले प्रमाण मुंबईच्या मानाने पुष्कळच कमी आहे. खेड्यातल्या बायकांची मुले लवकर आणि जास्त, अंगावर पाजणे दीर्घकाळ, शरीराला कष्ट, अंगावर चरबी बेताची. यांतल्या सगळ्याच गोष्टी हव्याशा नाहीत. कोणी अठराव्या वर्षी आई व्हावे असे मी सांगणार नाही. पण अंगावर पाजणे आणि वजन या दोन गोष्टी पुष्कळ अंशी आपल्या हातात आहेत.

तीस देशांतील सत्तेचाळीस अभ्यास एकत्र करून २००२ साली एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, स्त्रीने बाळाला अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. सहा महिने फक्त आईचे दूध, आणि पुढे वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत, हा सल्ला बाळासाठी म्हणून आपण ऐकतो. तो आईसाठीही आहे. ज्यांना दूध आले नाही किंवा मूल झाले नाही, त्यांनी यावरून जीव जाळू नये. धोका थोडा कमी किंवा थोडा जास्त, एवढाच याचा अर्थ.

वजनाचे म्हणाल तर पाळी गेल्यानंतर ते विशेष महत्त्वाचे. त्या वयात अंडाशयातून इस्ट्रोजेन तयार होणे जवळजवळ थांबते, पण शरीरातली चरबी ते थोडेथोडे तयार करीतच राहते. चरबी जास्त तर हे संप्रेरक जास्त, आणि स्तनाच्या अनेक गाठी त्याच्यावरच पोसतात. पेणमध्ये मी पाहतो, गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बायका हंगामात सकाळपासून रात्रीपर्यंत एका जागी बसून असतात. चहाचे कप मोजत नाहीत, आणि दर कपात दोन चमचे साखर. पापड लाटणाऱ्यांचेही तेच. पूर्वी वाडीवरून बाजाराला पायी येणाऱ्या बायका आता मिनिडोरने येतात. त्याला माझी हरकत नाही, त्यांचे गुडघे मीच तपासतो. पण आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे भराभर चालणे व्हायला हवे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. हायवेच्या कडेने नको, तिथे दुसऱ्याच कारणाने जीव जाईल. रोह्यात कुंडलिकेच्या बाजूने चाला, पेणमध्ये सकाळी गल्लीबोळ मोकळेच असतात.

जेवणात आपल्याकडचे साधे अन्न उत्तम आहे. वालाचे बिरडे, आदिवासी बाया आणतात त्या पावसाळी रानभाज्या, नाचणीची भाकरी, ताजी मासळी. पोह्यांशी माझे भांडण नाही. पोह्यांवर मूठमूठ शेव, दुपारी फरसाण, संध्याकाळी खारी-बटर, याच्याशी आहे. खरे सांगायचे तर अमुक एक भाजी खाल्ली म्हणजे हा रोग टळतो, असे कुठेही सिद्ध झालेले नाही. हळद, गव्हांकुराचा रस, कडुनिंब यांचेही तेच. सोयाबीनने कॅन्सर होतो, काळ्या ब्रेसियरने होतो, मार लागल्याने होतो, या समजुतीही निराधार आहेत. दारूचे मात्र पक्के ठाऊक आहे: थोडी घेतली तरी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आमच्याकडे बायका पीत नाहीत, असे सांगणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातल्या वाड्यांवर एकदा जाऊन यावे. आणि पनवेलपुढच्या पार्ट्यांमध्येही. मिसरीचा पहिला मार तोंडावर बसतो, तीही सोडाच.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळे पाळणारी, बारीक, चालणारी, तीन मुलांना अंगावर पाजलेली बाईसुद्धा या रोगातून सुटेलच असे नाही. त्या रोह्याच्या बाई अशाच होत्या.

दुखणाऱ्या छातीने बायका घाबरतात आणि न दुखणारी गाठ तशीच ठेवतात. वास्तविक उलटे हवे. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना होणारे दुखणे बहुधा निरुपद्रवी असते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गाठ, काखेतला गोळा, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, नव्याने आत ओढले गेलेले बोंड, त्यातून रक्ताळ स्राव, बोंडावरची बरी न होणारी खपली, यांतले काहीही दिसले तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका. बाळ पीत असताना आलेली गाठ दुधाचीच असेल असे सासूबाईंनी ठरवू नये. दोन आठवड्यांत विरघळली नाही तर दाखवा. तरुण मुलींमधल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते सोनोग्राफीने आणि लागल्यास सुईच्या तपासणीने ठरते, अंदाजाने नव्हे. सुई लावली की रोग पसरतो, ही भीतीही मनातून काढा. शंभरातला एखादा रुग्ण पुरुष असतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

नुसत्या हाताने तपासून काय कळणार, असे विचारणाऱ्यांसाठी टाटा रुग्णालयाचे एक मोठे काम आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांवर त्यांनी १९९८ पासून वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत खास शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, हातांनी स्तन तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बायकांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत, फक्त शिकलेला हात. सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे तिशीपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून व्हायची आहे. आशाताई बोलवायला आली की "नंतर येते" म्हणू नका.

पुढच्या उपचारासाठी परळच गाठायला हवे असेही नाही. टाटाचेच केंद्र आपल्या जिल्ह्यात खारघरला आहे. पैशाचे म्हणाल तर राज्याची जीवनदायी योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. ती आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाचे उपचार तीत बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत ठेवूनच निघा.

त्या मुलीला मी या वेळी आहाराचे काही सांगितले नाही. आधी विचारले, "काही लागतंय का हाताला?" "नाही," म्हणाली. तरी आमच्या दवाखान्यातल्या ताईंना आत बोलावले आणि पडद्याआड तपासले. २०१० पासून ताई दोन्ही दवाखान्यांत माझ्याबरोबर असतात. गाठ नव्हती. पण आईला चाळिशीच्या आत हा रोग झालेला, तेव्हा आनुवंशिकतेचा विचार करायलाच हवा. अशा कुटुंबांसाठी टाटामध्ये वेगळा विभाग आहे, तिथल्यासाठी चिठ्ठी दिली. तपासण्या कधीपासून आणि कोणत्या, हे ते ठरवतील. साधारणपणे आईच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून सुरुवात करतात, म्हणजे तिच्या बाबतीत आताच.

चिठ्ठी पर्समध्ये ठेवताना ती म्हणाली, "पण डॉक्टर, खाण्याचं राहिलंच. वाल चालतील ना?"

"खुशाल खा," मी म्हटले. "खोबरं तेवढं बेतानं घाल."