दिवा घेऊन उभी असलेली ती कोण?

आमच्या पिरंगुटच्या घरात देवघराबाहेरच्या भिंतीवर एक जुनं चित्र आहे. जांभळट साडीतली तरुण बाई हातात दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा तिने ज्योतीला आडोसा केलाय आणि बोटांमधून उजेड लालसर झिरपतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ते पाहिलं असेल. कॅलेंडरवर, कुणाच्या दिवाणखान्यात, निदान फ्रेमवाल्याच्या दुकानात तरी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे रविवर्म्याचं बरं का!" पुढे मीही पाहुण्यांना तेच ऐकवीत राहिले.

चूक आमच्या एकट्या घराची नव्हे. आमच्या मुळशीला लागूनच मावळ, आणि तिथल्या मळवलीला रविवर्म्यांच्या चित्रांचा छापखाना होता. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. तेव्हा साडीतली देखणी बाई चित्रात दिसली, की ती रविवर्म्याचीच, असा आपला हिशेब! पण राजा रविवर्मा वारले १९०६ साली, आणि हे चित्र आहे १९४५-४६ चं. 'ग्लो ऑफ होप' हे त्याचं नाव. काढलं ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. आणि दिवा धरलेली ती बाई म्हणजे त्यांची मुलगी, गीता.

हळदणकरांचा जन्म १८८२ चा. मुंबईला येऊन ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९०८ साली त्यांनी स्वतःची चित्रकला संस्था काढली, तिथे पुढे कितीतरी मुलं तयार झाली. 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' १९१८ साली निघाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. माणसांची चित्रं काढणं ही त्यांची हातोटी. तैलरंगात तर काढलीच, पण जलरंगातही काढली, आणि खरी परीक्षा जलरंगातच असते.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. चित्रकलेचे शिक्षक रजेवर असले की तो तास माझ्या गळ्यात पडतो, म्हणून एवढं कळतं. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा रंग चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा. तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. एकदा गडद रंग बसला, की तो पांढरेपणा पुन्हा मिळत नाही. भाजीत मीठ जास्त पडावं तसंच ते! आता विचार करा, अंधारात एक ज्योत, तिच्या उजेडात उजळलेला चेहरा, बोटांतून दिसणारी लाली, हे सगळं जलरंगात. त्रेसष्टीच्या घरातल्या माणसाचा हा हात. पुढे ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्याच्या संग्रहात गेलं.

हे सगळं वाचलं, पण माझं मन अडलं ते गीताबाईंपाशी. हकीकत अशी सांगतात, की दिवाळीच्या दिवसांत हातात दिवा घेतलेली लेक वडिलांना दिसली आणि चित्र तिथेच सुचलं. मग तिला तीन तास उभं राहावं लागलं. तिशीतली बाई, हातात पेटता दिवा, आणि हलायचं नाही! आपण कुकरच्या तीन शिट्या होईस्तोवरसुद्धा एका जागी उभ्या राहत नाही. चित्र वडिलांचं खरंच, पण त्यात तिचेही हात भरून आले असतील की नाही?

लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या. कोल्हापूरला २०१८ साली ऑक्टोबरात, एकशे दोन वर्षांच्या होऊन वारल्या. आणि तोवर आमच्यासारख्या किती घरांत त्या निनावीच भिंतीवर होत्या.

सासूबाई गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा फोटो सापडेना. मोबाइलमध्ये फोटोंचा ढीग, पण सासूबाई कुठे पाठमोऱ्या, कुठे पंगतीत वाढताना वाकलेल्या, कुठे "माझा कशाला?" म्हणत पदराआड. शेवटी नातवाच्या मुंजीच्या ग्रुपमधून चेहरा कापून मोठा करून घेतला. तो धुरकट आलाय. नाकातली मोरणी दिसतच नाही, आणि ती त्यांच्या माहेरची, फार जपलेली होती.

म्हणून मैत्रिणींनो, एक सांगते. घरात आई, सासू, मावशी, कुणीही असेल, तिला संध्याकाळी दारात किंवा खिडकीशी पाच मिनिटं बसवा. उजेड एका बाजूने येऊ द्या. "हसा" म्हणू नका. नेहमीची साडी असू दे. एकच फोटो नीट काढा, कागदावर करून घ्या आणि मागे पेन्सिलीने नाव नि साल लिहा. नाव विसरू नका.

मी हे घरात बोलले, तर धाकटी वही घेऊन आली. "आई, तुझंच काढते, बस." बसले. दोनदा "मान हलवू नकोस" म्हणून ओरडून घेतलं. तिने कपाळावरची आठी काढली, हनुवटीवरचा तीळ काढला. स्वतःच्या तोंडाकडे एवढं निरखून कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही, कसंसंच झालं. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं आणि मी उठले. डावा डोळा राहिलाय. रविवारी पुरा करू म्हणते.