दोन समुद्रांचा घाट

साखळीहून बेळगावला निघालेली गाडी केरी गाव मागे टाकते आणि चोर्ला घाटाला लागते. पहिल्या वळणावर चालक गिअर बदलतो. कानात दडे बसायला लागतात, माडा-पोफळींची सोबत सुटते. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच, आणि केरी जेमतेम किनारपट्टीच्या पातळीवर. ही चढण चढायला रस्ता इतका का वळवळतो?

उत्तर साध्या हिशेबात आहे. भरलेला ट्रक दमू नये म्हणून डोंगरी रस्त्याला साधारण वीसास एक असा चढ देतात, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. साडेसातशे मीटर उंची गाठायची तर पंधरा किलोमीटर रस्ता हवा. डोंगर तेवढी लांब जागा सरळ रेषेत देत नाही. म्हणून रस्ता त्याच उतारावर पुन्हापुन्हा मागे वळतो आणि कमी पडलेली लांबी वळणांतून मिळवतो. बेळगावची भाजी गोव्याच्या बाजारात येते ती याच हिशेबाच्या जोरावर.

ही वळणे आपल्याला काळातूनही नेतात. पायथ्याचे खडक धारवाडी कुळातले, अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने. वर दख्खनच्या लाव्हाचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्याही वर, सड्यावर, पावसाने कुजवून लाल केलेला जांभा. अर्ध्या-पाऊण तासात आपण कोट्यवधी वर्षे ओलांडतो आणि खिडकीबाहेर दिसतो तो फक्त दगडाचा बदलता रंग.

या मातीत देवगांडूळ राहतो. दिसायला गांडूळ, पण पाठीचा कणा असलेला, बेडकांचा दूरचा नातलग. ओल्या मातीत डोके खुपसून बिळे करणारा हा जीव सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. 2007 साली शास्त्रज्ञांनी त्याच्या दोन नव्या जातींची नोंद केली. एक घाटाखालच्या केरीची, तिला गोव्याचे नाव मिळाले. दुसरी घाटावरच्या चोर्ल्याची, तिला म्हादई नदीचे. एकाच रस्त्याची दोन टोके आणि दोन्हीकडे जगाला तोवर अनोळखी असलेला जीव!

घाट चढून आलो की सत्तरी तालुक्यातले सुर्ला लागते. गावाभोवती 1999 साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्याचे रान. पावसाळ्यात धुके इतके उतरते की समोरच्या गाडीचे दिवेही पुसट होतात, आणि कड्यांवरून जागोजागी पाणी कोसळते. सुर्ल्याचा ओहोळ म्हादईच्या खोऱ्यात जातो. म्हादई पुढे मांडवी होऊन डिचोली तालुक्याच्या कडेने पणजीला समुद्रास मिळते. त्या डिचोलीतही एक सुर्ला आहे. डोंगरातल्या सुर्ल्याचे पाणी आपल्या नावाच्या दुसऱ्या गावाच्या मुलखातून अरबी समुद्राला पोचते.

सर्वांत मोठे नवल मात्र चढण संपल्यावर आहे. सुर्ल्यापुढे कर्नाटकाची हद्द, मग चोर्ला, मग कणकुंबी. इथे रस्ता जवळजवळ सपाट, प्रवासी डुलक्या घेत असतात. पण कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला वळते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागराला. त्याच कणकुंबीच्या परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला, म्हादईकडे धावतो. आकाशातून शेजारी शेजारी निघालेल्या दोन थेंबांपैकी एक पणजीला जातो, दुसरा थेट आंध्रच्या किनाऱ्याला.

म्हणूनच या शांत गावावरून गोवा आणि कर्नाटक ही राज्ये भांडली. दोन खोऱ्यांमधला उंबरठा इतका बुटका असला की पाणी एका अंगणातून दुसऱ्यात वळवण्याचा विचार सुचतोच. म्हादई जलविवाद लवादाने 2018 साली निवाडा दिला, तरी वाद मिटलेला नाही.

पुढच्या पावसात कणकुंबीला थांबलात तर रस्त्याकडेच्या मोरीत वाहणारे पाणी जरा निरखून पाहा. ते कुठे चालले आहे, हे ठरवणारी रेघ तिथेच कुठेतरी तुमच्या पायांखाली आहे.