२५६७ नंबरचा कागद

अमेरिकेतल्या कुठल्याही नर्सिंग होममध्ये एक फाइल अशा जागी ठेवावी लागते, की येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही ती न विचारता उघडता आली पाहिजे. तिच्यात सरकारी तपासनिसांचा ताजा अहवाल असतो. नमुना क्रमांक २५६७. डाव्या रकान्यात तपासनिसांना काय चुकीचं आढळलं ते, उजव्या रकान्यात ती चूक कशी आणि कधीपर्यंत दुरुस्त करणार याचं संस्थेचं उत्तर. मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागितले, तर तेही दाखवावे लागतात. हेच अहवाल मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, ‘केअर कंपेअर’ या संकेतस्थळावरही फुकट वाचता येतात. हे अहवाल वाचायला लागल्यापासून माझं कुतूहल वाढतच गेलं आहे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला नीट भरवलं की नाही, त्याची कूस वेळेवर बदलली की नाही, त्याच्याशी बोलताना आवाज चढला का, या गोष्टी चार भिंतींच्या आतच राहतात असं आपण धरून चालतो. इथे त्या तारीख-वेळेसह कागदावर येतात आणि जगात कुणालाही वाचता येतात.

इथे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं दहा-पंधरा खाटांचं छोटं हॉस्पिटल नव्हे. अंथरुणाला खिळलेली, स्मृतिभ्रंश झालेली, चोवीस तास दुसऱ्याच्या हाताची गरज असलेली माणसं तिथे कायमची राहतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांपुरतीही राहतात. देशात अशा सुमारे १५ हजार संस्था आहेत आणि त्यांत १२ लाखांच्या आसपास माणसं आहेत. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला, त्यानंतर जे मराठी इंजिनिअर आणि डॉक्टर तिकडे गेले त्यांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही हा प्रश्न दाराशी आला आहे.

या कागदाच्या मागे एक खटला आहे. १९७५ साली कोलोरॅडोतल्या डेन्व्हर परिसरातल्या नर्सिंग होमच्या रहिवाशांच्या वतीने तो दाखल झाला. प्रश्न साधा होता. सरकार या संस्थांना पैसे देतं, मग पैसे घेणारी संस्था माणसाची नीट काळजी घेते की नाही, हे सरकारने बघायचं की नाही? त्या काळातली तपासणी मुख्यतः इमारतीची आणि कागदपत्रांची असे. संस्थेची काळजी घेण्याची क्षमता आहे का, हे तपासलं जाई. काळजी प्रत्यक्षात घेतली जाते का, हे फारसं कुणी पाहत नसे. १९८४ साली ‘स्मिथ विरुद्ध हेकलर’ या नावाने गाजलेल्या या खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं, की हे जाणून घेणं सरकारचं कर्तव्यच आहे. १९८६ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’चा नर्सिंग होममधल्या काळजीच्या दर्जावरचा मोठा अहवाल आला आणि १९८७ च्या डिसेंबरात नर्सिंग होम सुधारणा कायदा झाला. तपासनिसाची नजर इमारतीवरून माणसाकडे वळली. त्याआधी साधारण ४० टक्के रहिवाशांना पट्ट्यांनी, जाकिटांनी खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवलं जाई, पडू नयेत म्हणून. आज हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं आहे. लाखो माणसांचे हात मोकळे झाले, तेही कुठल्याही नव्या औषधाशिवाय! गेल्या शतकातल्या आरोग्यसेवेतल्या मोठ्या कामगिऱ्यांमध्ये मी ही गोष्ट धरतो.

तपासणीला लोक येतात ते न सांगता. दोन तपासण्यांमध्ये जास्तीत जास्त पंधरा महिन्यांचं अंतर चालतं. आतल्या कुणी तारीख फोडली, तर दंडाची तरतूद कायद्यातच आहे. निदान दहातली एक तपासणी अवेळी, म्हणजे पहाटे, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, सुरू व्हावी असा दंडक आहे. पथकात किमान एक रजिस्टर्ड नर्स असते. आल्या आल्या एक जण तडक स्वयंपाकघरात जातो, तिथे आवराआवर व्हायच्या आत. पहिल्या जेवणाला पथक जेवणघरात उभं राहून पाहतं: भरवणारी व्यक्ती शेजारी बसून भरवते का, घास गिळायला वेळ देते का, ताट समोर ठेवून निघून जाते का. औषधं देणाऱ्या नर्सच्या मागोमाग फिरून किमान २५ वेळा औषध कसं दिलं ते बघितलं जातं आणि डॉक्टरच्या लेखी सूचनेशी ताडून पाहिलं जातं. चुकीचं प्रमाण पाच टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, की ती नोंद होते. रहिवाशांची स्वतःची एक समिती असते. तिच्याशी पथक वेगळं बसून बोलतं.

यातली एकच गोष्ट जवळून पाहू. बेडसोअर, म्हणजे सतत एका अंगावर पडून राहिल्याने होणारी जखम. माकडहाड, टाच, खुबा अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथल्या केशवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही आणि पेशी मरू लागतात. बऱ्याचदा हे नुकसान आत, हाडाजवळ सुरू होतं आणि वर कळायला दिवस जातात. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबूनही न जाणारी लाली. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथे हाताने बघावं लागतं. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, किंवा घट्ट लागते का? म्हणजे बेडसोअर वेळेत सापडणं हे कुणीतरी रोज त्या माणसाला हात लावतं की नाही, यावर अवलंबून आहे.

हे सिद्ध कसं करायचं? तपासनीस आधी कागद वाचतात. या आजींची कूस दर दोन तासांनी बदलायची, टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत, असं त्यांच्या काळजीच्या आराखड्यात लिहिलेलं असतं. मग ते दारातून बघत राहतात. सकाळी आठनंतर आजी पाठीवर. नऊनंतर पाठीवरच. साडेदहाला पाठीवर, टाचा गादीला टेकलेल्या. अकराला तिथल्या सीएनएला, म्हणजे अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं करणाऱ्या मदतनीस बाईला विचारतात: शेवटचं कधी वळवलंत? ती सांगते, आज माणसं कमी आहेत, नाश्त्यापासून जमलेलं नाही. मग मुख्य नर्सला विचारतात: किती वेळाने वळवायला हवं होतं? ती दोन तास म्हणते. मग जखम मोजतात. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण अहवालांची धाटणी नेमकी अशीच असते. स्वतः पाहिलं, माणसांना विचारलं, कागद तपासला: तिन्ही वाटा एका ठिकाणी मिळाल्या की नोंद पक्की. आजींचं नाव कुठेच येत नाही, फक्त ‘रहिवासी क्रमांक अमुक’. या नोंदीला कोड मिळतो एफ ६८६. पडण्यापासून, अपघातापासून जपलं नाही तर एफ ६८९. छळ झाला तर एफ ६००. जंतुसंसर्गाची खबरदारी नसेल तर एफ ८८०. कोड कळले, की शेकडो पानांचा अहवालही चाळता येतो.

मग प्रत्येक चुकीला एक अक्षर मिळतं, ए ते एल. एका बाजूला इजा किती गंभीर हे चार पायऱ्यांत, दुसऱ्या बाजूला ती एखाददुसऱ्याच माणसापुरती, अनेकांच्या बाबतीत की सगळीकडे, हे तीन गटांत. चार त्रिक बारा अक्षरं. डी-ई-एफ म्हणजे इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. जीपासून पुढे प्रत्यक्ष इजा. जे-के-एल म्हणजे जिवाशीच गाठ. बहुतेक नोंदी डी ते एफमध्येच असतात आणि शून्य चुका असलेली संस्था विरळाच. म्हणून चुकांची नुसती संख्या पाहून घाबरू नये. अक्षर बघावं, आणि तोच कोड दोन-तीन वर्षं ओळीने येतोय का ते बघावं. माझ्या लेखी एका एकाकी ‘जी’पेक्षा दरवर्षी न चुकता येणारा तोच ‘ई’ अधिक बोलका असतो. त्यातून दिसतं, की उजव्या रकान्यात सुधारणेचं वचन दिलं जातं आणि पुढे काहीच होत नाही.

आता तारे. २००८ च्या डिसेंबरपासून प्रत्येक संस्थेला एक ते पाच तारे मिळतात आणि बहुतेक कुटुंबं तेवढंच पाहतात. तपासणीत अक्षरांचे गुण होतात, डीचे ४, जीचे २०, एलचे १५०, ताज्या तपासणीला वजन जास्त. जितके गुण कमी तितकं चांगलं. पण तारे मिळतात ते आपल्या राज्यातल्या इतर संस्थांच्या तुलनेत, सीईटीच्या पर्सेंटाइलसारखे. वरच्या १० टक्क्यांना पाच तारे, खालच्या २० टक्क्यांना एक, उरलेल्यांमध्ये दोन, तीन आणि चार समान वाटलेले. राज्यातल्या सगळ्याच संस्था सुधारल्या तरी २० टक्क्यांना एकच तारा, सगळ्या बिघडल्या तरी दहा टक्क्यांना पाच. म्हणून टेक्सासमधले चार तारे आणि मॅसॅच्युसेट्समधले चार तारे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

तपासणीच्या या ताऱ्यांवर मग मनुष्यबळ आणि गुणवत्तेचे निर्देशांक यांमुळे तारे वाढतात किंवा कमी होतात. निर्देशांकांपैकी बरेचसे संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीवरून काढलेले असतात: किती जण पडून जबर जखमी झाले, किती जणांना बेडसोअर झाले. शिकागो विद्यापीठातल्या संशोधक प्राची संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक सुंदर पडताळणी प्रसिद्ध केली. पडल्यामुळे गंभीर दुखापत होऊन रहिवासी हॉस्पिटलात गेला, की हॉस्पिटलचं बिल मेडिकेअरकडे येतं. त्या बिलांवरून कळलेल्या घटना संस्थांनी स्वतः कळवल्या होत्या का? फक्त ५७.५ टक्के. एक बिल एका संस्थेच्या मौनाविरुद्ध साक्ष देऊ शकतं, हे ज्याला सुचलं असेल त्याच्या बुद्धीचं मला फार कौतुक वाटतं.

औषधांची गोष्ट याहून क्लेशदायक आहे. स्मृतिभ्रंशाच्या म्हाताऱ्या माणसांना अँटिसायकोटिक, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांवरच्या, गोळ्या दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्येच दिला होता. अशा गोळ्यांचं प्रमाण निर्देशांकात मोजलं जातं, मात्र स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांना त्यातून वगळलं जातं. मग काही संस्थांच्या नोंदींत उतारवयातल्या माणसांना अचानक स्किझोफ्रेनिया झालेला दिसू लागला. २०२१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे उजेडात आणलं आणि २०२३ पासून सरकारने या निदानांची छाननी सुरू केली. बांधायचे पट्टे गेले आणि काही ठिकाणी त्यांची जागा गोळीने घेतली. म्हणून निर्देशांकाचे तारे मी सगळ्यात शेवटी पाहीन.

मनुष्यबळाचे तारे मात्र आता बरेच विश्वासाचे झाले आहेत. पूर्वी किती माणसं कामावर होती हे संस्थाच सांगायची, तेही तपासणीच्या आधीच्या दोन आठवड्यांचं. २०१८ पासून हा आकडा पगाराच्या नोंदींतून घेतला जातो, दिवसागणिक. लगेच दिसलं, की शनिवार-रविवारी माणसं लक्षणीयरीत्या कमी होतात. दर रहिवाशामागे नर्स आणि सीएनए मिळून दिवसाचे किती तास, हा एकच आकडा सगळ्यात आधी शोधावा. २००१ च्या एका सरकारी अभ्यासात ४.१ तासांखाली काळजी घसरू लागते असं आढळलं होतं. २०२४ मध्ये ३.४८ तासांची सक्ती करणारा नियम आला, पण २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. २०२२ पासून वर्षभरात किती नर्स आणि सीएनए नोकरी सोडून गेल्या तेही जाहीर होतं. हा आकडा मला तासांइतकाच मोलाचा वाटतो. नव्या माणसाला आजी जेवल्या नाहीत एवढंच कळतं. सहा महिने रोज भरवणाऱ्या बाईला कळतं की आज त्यांची कवळी टोचते आहे.

प्रवेशाच्या वेळी संस्थेने भरायच्या राष्ट्रीय नमुन्यात एक प्रश्न आहे: तुम्हाला कोणती भाषा हवी आणि डॉक्टरांशी, कर्मचाऱ्यांशी बोलायला दुभाषी हवा का? स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी विरत जाते. पन्नास वर्षं न्यू जर्सीत इंग्रजीत नोकरी केलेले आजोबा एक दिवस फक्त मराठीत पाणी मागू लागतात. त्या रकान्यात ‘मराठी’ लिहून घ्यायला विसरू नये. एकदा लिहिलं, की त्यानुसार व्यवस्था केली का, हाही तपासणीचा विषय होतो.

एवढं वाचून झालं की प्रत्यक्ष जावं, शक्यतो रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी. आज कोणत्या पाळीत किती नर्स, किती सीएनए, याचा कागद दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. तो वाचावा आणि मग मजल्यावर किती जण दिसतात ते मोजावं. घंटीचा दिवा लागल्यावर कुणी किती वेळाने येतं ते घड्याळात बघावं. प्रत्येक राज्यात ऑम्बुड्समन असतो, रहिवाशांची बाजू घेणारा. त्या संस्थेबद्दल कसल्या तक्रारी येतात, असं त्याला फोनवर विचारता येतं. आणि तक्रार कुणीही करू शकतं: मुलगा, सून, शेजारच्या खाटेवरचा माणूस, खुद्द तिथली सीएनए, नाव न सांगताही. तक्रारीत तथ्य असू शकेल असं वाटलं, की तपासनीस वार्षिक फेरीची वाट न पाहता येतात, आणि त्यांना जे सापडतं त्याचेही गुण ताऱ्यांच्या हिशेबात धरले जातात.