मीटरचा लुकलुकता दिवा

मे २०२४ मध्ये सुट्टीत मी वडोदऱ्याला मामांकडे गेले होते. दुपारचा पारा चाळिशीच्या पुढे आणि मामा मात्र पंखा बंद करून, हातात पुठ्ठा घेऊन बसलेले! वय पंचाहत्तरीच्या पुढचे, सदरा घामाने चिंब. मी बटणाकडे हात नेला तशी म्हणाले, ‘‘अगं, राहू दे. लाइटबिलाचं काही खरं नाही हल्ली.’’

मामांच्या घरी मीटर जुनाच होता. पण शहरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मध्य गुजरात वीज कंपनीने, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘जीईबी’ असलेल्या कंपनीने, काही भागांत स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले होते. आधी पैसे भरा, मग वीज वापरा, अशी ही पद्धत. खात्यातले पैसे भराभर संपतात, अशी तक्रार घेऊन लोक कंपनीच्या कार्यालयांवर गेले, मोर्चे निघाले. कंपनीचे म्हणणे असे, की मीटर बरोबर आहेत, उन्हाळ्यामुळे वापर वाढला आहे आणि जुन्या मीटरची बाकीही हप्त्याने वळती होते आहे. अखेर नवे मीटर बसवणे थांबले. काही घरांत स्मार्ट मीटरच्या शेजारी ताळा पाहण्यासाठी ‘चेक मीटर’ लावायचे ठरले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातही सर्वसामान्य ग्राहकांना असे प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले.

दोन महिन्यांनी एकदा बिल भरायची सवय असलेल्या घराला रोज वजा होणारा आकडा धडकी भरवतो, हे समजण्यासारखे आहे. पण मला काळजी वाटली ती मामांची. भीतीपोटी त्यांनी काटकसर सुरू केली होती, पण नेमकी कोणत्या वस्तूवर? कमी वीज खाणाऱ्या पंख्यावर!

मग आम्ही घरातच ‘चेक मीटर’ सुरू केला. वाचकहो, यासाठी काही विकत आणावे लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेले असते. मामांच्या मीटरवर ३२०० होते. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, हे शाळेतले गणित. आम्ही सगळी बटणे बंद केली, तरी दिवा मिनिटाला सोळा वेळा लुकलुकत होता. म्हणजे सुमारे तीनशे वॉट! मामा म्हणाले, ‘‘चोरी दिसते कुणाची तरी.’’

चोर स्वयंपाकघरात होता. जुन्या फ्रिजची पिन काढली आणि दिवा जवळजवळ थांबला. दोन मिनिटांतून एकदा लुकलुके, तो टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सपायी. मामेभावाने मग प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर आणला. चोवीस तासांत फ्रिजने तीन युनिटांहून जास्त वीज घेतली. दाराचे रबर कडक झाले होते, मागची जाळी धुळीने भरलेली आणि फ्रिज भिंतीला चिकटलेला. नवे, चांगल्या तारांकनाचे फ्रिज एका युनिटाच्या आतबाहेर भागवतात. २००६ पासून आपल्याकडे उपकरणांवर तारांकनाची पट्टी लागू लागली. फ्रिजच्या पट्टीवर वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडा असतो. दुकानात आपण तारे मोजतो, आकडा वाचत नाही.

मी वहीत हिशोब मांडला. साधा पंखा सुमारे ७५ वॉटचा. दहा तास फिरला तरी पाऊण युनिट. नवा बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहून कमी घेतो. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट संपले. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सात-आठ युनिटे सहज जातात. तो १८ ऐवजी २४ वर ठेवला तर कमी. भारतात विकल्या जाणाऱ्या तारांकित एसींना २०२० पासून सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले, ते याचसाठी.

वही पाहून मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे रात्रभर मी घामात लोळलो, ते पाऊण युनिटासाठी?’’

नवे मीटर चांगले की वाईट, हा वाद चालत राहील आणि ग्राहकांनी प्रश्न विचारायलाच हवेत. पण प्रश्न विचारणाऱ्याकडे स्वतःचा आकडा हवा. आठवडाभर रोज एकाच वेळी मीटरचे वाचन वहीत लिहा. बिल आले की ताळा करा. तफावत दिसली तर तक्रारीला आधार मिळेल. नाही दिसली तर घरातला चोर सापडेल.

आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर एवढे जरूर पाहा: बिलाच्या धास्तीने ती नेमके काय बंद करत आहेत? मामांच्या फ्रिजचे रबर बदलले, जाळी झाडली, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. त्या रात्री पंखा पहाटेपर्यंत फिरत होता आणि मामा सकाळी आठपर्यंत गाढ झोपले होते.