जाम झालेला लॉक नट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जळगावहून धुळ्याकडे निघालं की पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावं लागतात आणि रस्त्याच्या कडेला टायरचे ढीग रचलेली पंक्चरची दुकानं दिसत राहतात. सुरत-नागपूर महामार्ग हा, पुढे धुळ्यात तो मुंबई-आग्रा रस्त्याला मिळतो. साहजिकच या दुकानांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ट्रक. कारचे नट, त्यातही अलॉय चाकाचा लॉक नट, जाम होण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. लोक मात्र ते दुसरीकडेच शोधतात.

पहिला संशय उन्हावर जातो. मे महिन्यात पारा 45च्या आसपास असतो, तेव्हा नट फुगून बसला असेल, असं पुष्कळ जण म्हणतात. पण नट आणि तो ज्यावर बसतो तो स्टड, दोन्ही पोलादाचे. तापले तर दोन्ही सारखेच प्रसरण पावतात. उन्हाने नट अडकत नाही. गंजाने अडकतो, पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत समुद्रकाठापेक्षा कितीतरी कमी. नट अडकतो तो मुख्यतः बसवताना लागलेल्या जादा जोरामुळे.

हा जोर किती असावा? ट्रकच्या मोठ्या नटाला साधारण 600 न्यूटन-मीटर लागतात. कारला 80 ते 120 पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला 30 किलोचा जोर दिला की सुमारे 90 न्यूटन-मीटर होतात. म्हणजे गाडीसोबत येणारा एल-पाना आणि माणसाचा हात एवढ्यावर कारचं चाक नीट आवळलं जातं. ट्रकसाठी ठेवलेली एअर गन त्याच कारच्या नटावर दोन-तीन सेकंद जास्त धरली, की आकडा सहज चार-पाच पट होतो.

‘जितका घट्ट तितका सुरक्षित’ हा समज सगळ्यांत घातक, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. आवळताना स्टड किंचित ताणला जातो आणि रबरासारखा परत आखडू पाहतो. त्या ओढीनेच चाक हबला दाबून धरलं जातं. मर्यादेपलीकडे ताणलेला स्टड पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. त्याची पकड ढिली होते, आटे मरतात, कधी चालत्या गाडीत तो तुटतोही. नट कमी-जास्त आवळले गेले तर ब्रेकची डिस्क वाकडी होते आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. म्हणजे अति घट्ट नटाने चाक निसटण्याचा धोका वाढतोच.

आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावण्याची सवयही याच हिशेबात बसते. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. लावलेल्या जोरातला बहुतांश, ढोबळमानाने 90 टक्के, घर्षणात खर्च होतो. तेलाने घर्षण घटलं की तोच जोर स्टडला कितीतरी जास्त ताणतो. आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडेच ठेवावेत.

‘डाव्या बाजूचे नट उलटे फिरतात’ असं सांगणारे जुने चालक आजही भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे होते, काही जुन्या ट्रकांनाही. आजच्या कारला चारही चाकांचे नट डावीकडे फिरवूनच सुटतात. उलट बाजूने जोर लावून आपण ते आणखी आवळतो.

आता लॉक नट. चार-पाच नटांतला हा एकच वेगळा, त्याच्या तोंडावर नक्षीदार खाच आणि ती फक्त त्याच्या चावीत बसते. खाच अरुंद असल्याने चावीवर गन लावली की चावीचे दात तुटतात किंवा खाच मरते. ‘चावी मजबूत आहे, गन चालेल’ हे म्हणूनच चुकीचं. लॉक नट हातपान्याने, सर्वांत आधी सोडायचा आणि बसवताना सर्वांत शेवटी लावायचा. बाकीचे नट आधी काढले, तर चाकाचा सगळा ताण या एकावर येतो. तसं झालंच असेल तर बाकीचे पुन्हा योग्य जोराने बसवा, मग लॉक नट सोडून पाहा. पुष्कळदा तो तेवढ्यानेच सुटतो. चाक जमिनीवर असतानाच सुरुवात करा, चावी खाचेत पूर्ण बसवा, लांब दांड्याने सावकाश, एकसारखा जोर द्या. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या की चावी तिरकी होते आणि मोडते. गंज सोडवणारा स्प्रेही लोक मारतात, पण नटाचं तोंड बंद असेल तर तो आट्यांपर्यंत पोचत नाही, उलट ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर धोकाच.

चावी हरवली किंवा तुटली म्हणून चाक कापावं लागत नाही. गाडीसोबतच्या कार्डावर किंवा चावीवर कोड असतो, त्यावरून विक्रेत्याकडून नवी चावी मागवता येते. तातडी असेल तर आत उलटे आटे असलेला निमुळता सॉकेट नटावर हातोडीने ठोकून बसवतात; सोडवण्याच्या दिशेने फिरवला की तो नटात आणखी रुततो. नट वाया जातो, चाक वाचतं. नटाभोवती फिरतं कडं असलेल्या लॉकवर मात्र हा उपाय चालत नाही, तिथे अनुभवी माणूसच हवा.

नटावर वेल्डिंग करणं किंवा गॅसने तो तापवणं टायर चाकावर असताना कधीही करू देऊ नका. आतल्या रबराचा वायू होऊन टायर फुटतो, हवा काढलेली असली तरी हा धोका उरतो, आणि त्यात माणसं मरतात.

नट सुटल्यावर स्टडचे आटे पाहा. नट हाताने शेवटपर्यंत फिरत नसेल तर स्टड बदलून घ्या. नवं चाक बसवताना नट आळीपाळीने, समोरासमोर आवळायला सांगा, शेवटचा जोर टॉर्क रेंचने किंवा हातपान्याने. जळगावात चाक बसवलं असेल तर धुळ्याला पोचल्यावर, साधारण 90 किलोमीटरनंतर, चाक थंड होऊ द्या आणि सगळे नट एकदा त्याच जोराने तपासा.