पाणकावळ्याच्या दोन उपजाती

पाणकावळ्याला मराठीने कावळ्याच्या पंक्तीत नेऊन बसविले आहे. त्याच्या इंग्रजी नावाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दांचा अर्थही 'समुद्रकावळा' असाच होतो. वस्तुतः काळ्या रंगापलीकडे या दोन पक्ष्यांत काहीही नाते नाही. आणि तो काळा रंगसुद्धा जवळून पाहिल्यास निव्वळ काळा नसतो.

युरोपात मोठ्या पाणकावळ्याच्या दोन उपजाती आढळतात. 'कार्बो' ही ब्रिटन, नॉर्वे अशा अटलांटिक किनाऱ्यांवर, बहुधा समुद्रकड्यांवर घरटी करते. 'सायनेन्सिस' म्हणजे 'चीनची'. ही मध्य युरोपापासून भारत व चीनपर्यंत पसरलेली असून झाडांवरही वीण करते. आपल्याकडील मोठा पाणकावळा याच उपजातीचा होय.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा आहे असे मात्र नव्हे. युरोपीय समुदायाने १९७९ साली पक्षिसंरक्षणाचा जो निर्देश काढला, त्याच्या विशेष संरक्षणाच्या यादीत नाव होते ते सायनेन्सिसचे. पुढे तिची संख्या वाढली, मत्स्यपालकांची गाऱ्हाणीही वाढली, आणि १९९७ साली ते नाव वगळण्यात आले. इंग्लंडमध्ये १९८१ पासून एसेक्समधील ॲबर्टन जलाशयाकाठच्या झाडांवर पाणकावळे वीण करू लागले, तेव्हा हे पक्षी किनाऱ्यावरून आत आलेले की खंडावरून आलेले, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला.

पूर्वीचे निरीक्षक यासाठी पिसांवर विसंबत. सायनेन्सिसच्या पिसांवर हिरवट झाक असते, कार्बोच्या पिसांवर निळसर-जांभळी. पण ही झाक उन्हाच्या तिरपेपणाबरोबर पालटते, आणि ढगाळ हवेत तर दिसतच नाही. दुसरी खूण डोक्यावरील व मानेवरील पांढऱ्या, केसासारख्या पिसांची. विणीच्या हंगामात सायनेन्सिसचे डोके जणू पिकल्यासारखे पांढुरके होते. परंतु कार्बोच्या वयस्क नरांनाही अशी पिसे भरपूर येतात, आणि उन्हाळा सुरू होताच ती दोघांचीही गळून जातात. एकाच पक्ष्याविषयी फेब्रुवारीत आणि जूनमध्ये भिन्न मते व्हावीत, अशी ही खूण! मांडीवरचा पांढरा ठिपका तर विणीच्या काळात दोन्हींना असतो. तो या कामी निरुपयोगी.

अधिक भरवशाची खूण पिसे जेथे संपतात तेथे सापडते. चोचीखाली गळ्याची पिवळी, उघडी त्वचा असते. जबड्याच्या टोकापासून तिची मागची कड कोणत्या दिशेने उतरते, ते पाहावे. कार्बोमध्ये ती पुढे झुकते व लघुकोन होतो. सायनेन्सिसमध्ये ती सरळ खाली किंवा थोडी मागे जाते, म्हणजे कोन काटकोनाच्या जवळपास किंवा त्याहून मोठा भरतो. सत्तर अंशांच्या आसपास मात्र दोन्ही उपजाती एकमेकींत मिसळतात, आणि तेथे नाव न देणे हेच शहाणपणाचे. पाठीवर तपकिरी व पोटाशी पांढुरक्या असलेल्या अल्पवयीन पक्ष्यांना पांढऱ्या केसांची खूण लागूच पडत नाही. त्यांच्या बाबतीत नजर प्रथम या कोनाकडेच वळवावी.