नवे सरकार आणि पाड्यावरच्या साध्या अपेक्षा



महाराष्ट्र विधानसभेसाठी 20 नोव्हेंबर 2024 रोजी मतदान झाले आणि 5 डिसेंबरला नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. 288 जागांपैकी 25 जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या तर चारही जागा राखीव आहेत, कारण तेथे दर दहा माणसांमागे जवळजवळ सात आदिवासी आहेत. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरपाड्यांवरच्या या मतदारांना नव्या सरकारकडून काय हवे आहे? आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, देणगी देतो, म्हणून हे समजून घेणे आपल्याला अगत्याचे आहे.

त्यांच्या बहुतेक अपेक्षा जुन्याच आहेत. जे कायद्याने आणि योजनेने आधीच मंजूर आहे, ते वेळेवर आणि घराजवळ मिळावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

दवाखाना. शासनाच्या निकषाप्रमाणे डोंगराळ व आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 मागे एक उपकेंद्र असावे. पण पाडे विखुरलेले असतात. कागदावर निकष पूर्ण झाला तरी पावसाळ्यात ओढा भरला की बाळंतिणीला झोळीत घालून न्यावे लागते. अशा वेळी तासाभराचा उशीर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. म्हणूनच गरोदर बाईला दिवस भरण्याआधी केंद्राजवळ येऊन राहता यावे, यासाठी 'माहेरघर' योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 पासून आहे. माहेरघर उघडे असावे, त्यात परिचारिका असावी, अंगणवाडीचा शिधा वेळेवर पोहोचावा, ही पहिली अपेक्षा.

रेशन. अन्न सुरक्षा कायदा 2013 प्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. परंतु दुकानातील यंत्राला नेटवर्क नसले किंवा मजुरीने झिजलेला अंगठा जुळला नाही, तर दिवसभराची पायपीट वाया जाते. शिवाय अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. 'एक देश, एक रेशनकार्ड' ही सोय ऑगस्ट 2019 मध्ये प्रथम सुरू झाली, तेव्हाच्या राज्यजोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. तरी पडावावरच्या मजुराला ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते. यंत्र चालत नसेल तेव्हा माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ नये, ही दुसरी अपेक्षा.

दाखला. जातीचा दाखला नसेल तर मुलीचा वसतिगृहातला प्रवेश अडतो आणि शिष्यवृत्तीही अडते. एका दाखल्यासाठी तहसीलला तीन-चार खेपा झाल्या की तितक्या दिवसांची मजुरी बुडते. मग घरचे म्हणतात, राहू दे शाळा. येथे मुलीचे एक वर्ष, कधी सारे शिक्षणच पणाला लागते.

या तिसऱ्या अपेक्षेला भक्कम आधार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात आणि कोणत्या अधिकाऱ्याकडून मिळेल, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. अर्ज दिला की पोच मिळालीच पाहिजे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला गेला तर 30 दिवसांच्या आत पहिले अपील करता येते, मग दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून पोच फार महत्त्वाची. तोंडी विनंतीची मुदत कधी संपतच नाही. पोच हातात पडली की दिवस मोजता येतात.

अनुसूचित क्षेत्रातील गावांना आणखी एक हक्क आहे. पेसा कायदा 1996 मध्ये झाला आणि राज्याचे नियम 2014 मध्ये आले. त्यानंतर आदिवासी उपयोजनेच्या निधीतील 5 टक्के रक्कम थेट या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय झाला. त्यातून काय करायचे हे ग्रामसभेने ठरवायचे असते. पाड्यावरच्या बायका त्या सभेला बसल्या, तर पाण्याचा प्रश्न आपोआप वर येतो.

नव्या सरकारने सर्व खात्यांना 100 दिवसांचा कार्यक्रम दिला होता. त्यात तक्रार निवारण आणि अधिकाऱ्यांच्या क्षेत्रीय भेटी हे मुद्दे होते. अशा काही भेटी डांबरी रस्ता संपतो त्याच्या पलीकडे व्हाव्यात, ही आमची नम्र विनंती.

मग मंडळीने काय करावे? आपला फिरता दवाखाना किंवा शिकवणीचा वर्ग शासनाची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण अर्ज लिहून देणे, सोबत कार्यालयात जाणे, पोच मागणे आणि मुदतीची तारीख वहीत नोंदवणे एवढे प्रत्येक मंडळीला जमेल. तरुण संघाने महिन्यातला एक रविवार, उपासनेनंतर, यासाठी द्यावा. लूककृत शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली, म्हणून तिला न्याय मिळाला. आपल्या पाड्यावरच्या बहिणीला ती वाट एकटीने चालावी लागू नये.

प्रार्थनेत नव्या राज्यकर्त्यांची आठवण ठेवा. तलाठी, परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि रेशन दुकानदार यांचीही ठेवा. पाड्यावर सरकार पोहोचते ते त्यांच्याच हातून.